वासाचा डबा आणि विश्रामचं नाक

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. ऐकणाऱ्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणेन. पण त्यावरून आपली फार गट्टी आहे असं समजू नका. माणसांशी गट्टी करून हाती काय लागतं ते मी चार वर्षं पाहिलं आहे. सध्या मी शीळफाट्याच्या अलीकडे एका भंगारवाल्याच्या आवारात पडून आहे. शेजारी एक तुटका कूलर आहे. तो दिवसभर आपल्या मालकाची आठवण काढून रडतो. मला रडू येत नाही. मला राग येतो, आणि रागापेक्षा जास्त कीव येते.

माझा जन्म १९९२ साली डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्याच्या आतल्या एका चार मजली सोसायटीच्या तळमजल्यावर झाला. मला घडवणाऱ्याचं नाव विश्राम. तो पत्र्याचा फिटर होता. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने बारा वर्षं काढली. तिथे धूळ आणि धूर पकडायची यंत्रं बनायची. कारखाना बंद पडला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. दुसरा कुणी असता तर टेंभी नाक्यावर उभा राहून दोन वर्षं सरकारला शिव्या देत बसला असता. विश्रामने चार दिवसांचं शिबिर केलं आणि राहत्या घराच्या मागच्या खोलीत धिंगरी लावली. हे त्याच्या बाजूने आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

मित्रांनो, धिंगरी ही अळिंबीची, म्हणजे मशरूमची, एक जात. पांढरी, नाजूक, पंख्यासारखी उमलणारी. ती मातीत येत नाही, भाताच्या भिजवलेल्या पेंढ्यावर येते. पेंढा कापायचा, पिंपात भिजवायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, त्यात बी मिसळून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या आणि त्या खोलीत दोरीला टांगायच्या. खोली बंद हवी, दमट हवी, अंधारी हवी. आता बंद, दमट, अंधाऱ्या खोलीत साठ पिशव्या ओला पेंढा टांगल्यावर वास येणार की नाही? आंबूस, कुबट, डोक्यात चढणारा वास. विश्रामची बायको नीला पहिल्या आठवड्यात दोनदा उपाशी झोपली, कारण घास घशाखाली उतरत नव्हता.

वरच्या मजल्यांवर तर गहजब झाला. "घरात कुत्र्याच्या छत्र्या लावल्यात म्हणे!" असं जिन्यातून ऐकू येऊ लागलं. सेक्रेटरी सुधीरराव पहिल्या मजल्यावर राहायचे. विश्रामच्या दारातून आत पाहिलं की समोरच बुद्धाची तसबीर दिसायची. ती दिसल्या दिवसापासून सुधीरराव त्या दारावरून जाताना नाक मुरडायचे, आणि तेव्हा तर पेंढ्याची पहिली पेंडीसुद्धा घरात यायची होती. त्यामुळे खरा वास सुटला तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला असेल, तुम्हीच विचार करा.

म्हणून विश्रामने मला बनवलं. दोन हात लांब, एक हात रुंद असा जाड पत्र्याचा डबा. आत बारीक भोकांच्या दोन जाळ्या आणि त्या जाळ्यांच्या मधे चार बोटं जाडीचा कोळशाचा थर. हा कोळसा शेगडीतला नव्हे. करवंट्या जाळून, वाफेत तापवून कारखान्यात तयार केलेला, चहाच्या पत्तीएवढ्या दाण्यांचा. त्याच्या प्रत्येक दाण्यात डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं असतात, आणि वास त्या छिद्रांत शिरून अडकतो. माझ्या एका तोंडाला पंखा होता. तो खोलीतली हवा माझ्यात ढकलायचा आणि मी ती मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर, सोसायटीच्या कुंपणाकडे सोडायचो. आत जाताना आंबलेला पेंढा आणि बाहेर येताना नुसता वारा. सांगा, तुमच्यापैकी कुणाला जमेल?

पहिलं वर्ष माझ्या कौतुकात गेलं. म्हणजे विश्रामच्या कौतुकात. पाहुणे आले की तो त्यांना मागे आणून माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हे मी बनवलेलं. फॅक्टरीत असले शंभर बनवलेले मी." धिंगरी कल्याणच्या मंडईत आणि ठाण्याच्या दोन हॉटेलांत जाऊ लागली. नीलाने त्याच्या नावाची लेबलं छापून घेतली. ज्या बायका नाक मुरडत होत्या त्याच आता पाव किलो धिंगरी मागायला येऊ लागल्या, आणि भाजी कशी करायची तेही विचारू लागल्या. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण ते चालायचंच. मी काम करत होतो तोवर मला कुणाच्या कौतुकाची गरज नव्हती.

आता माझी निगा कशी राखायची ते ऐका, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. पंख्यासमोर धूळ अडवायला नीलाच्या जुन्या साडीचा तुकडा बांधलेला होता. तो दर आठवड्याला धुवायचा. मला पाण्यापासून लांब ठेवायचं, कारण ओला कोळसा वास धरत नाही, तो पाणी पिऊन सुस्त पडतो. कोळसा बसत बसत खाली दबतो आणि वर फट पडते, ती नवा कोळसा ठोकून भरायची. हवा मोठी आळशी असते. फट दिसली की ती कोळशातून जायचे कष्ट घेतच नाही. आणि पाच-सहा महिन्यांनी सगळा कोळसाच बदलायचा, कारण छिद्रं भरली की भरली.

यातली अडचण अशी की कोळसा नवा असतो तेव्हाही काळा आणि मेला तरी काळाच. बघून कळत नाही. वासावरूनच कळतं. आणि जो माणूस दिवसरात्र त्या वासात राहतो, त्याचं नाक त्या वासाला सरावून जातं. त्याला काही म्हणजे काही कळेनासं होतं. विश्रामला ही गोष्ट कारखान्यात शिकवलेली होती. ती त्याला इतरांच्या नाकांबद्दल पाठ होती.

दुसऱ्या वर्षी साडीचा तुकडा आठवड्याऐवजी महिन्याने धुतला जाऊ लागला. खोली दमट राहावी म्हणून विश्राम ओली गोणपाटं टांगायचा. ती सरकत सरकत माझ्या डोक्यावर आली आणि त्यांचं पाणी माझ्यात ठिबकू लागलं. "अहो, डब्यावर पाणी पडतंय," नीलाने दोनदा सांगितलं. "पडू दे गं, पत्रा आहे तो," विश्राम म्हणाला. बारा वर्षं पत्र्यात काढलेला माणूस हा! त्या दिवसापासून माझ्या मनातून तो उतरायला लागला.

इथे मला सगुणाबाईंना आणायला हवं. त्या मोठागावच्या खाडीकडच्या कोळीण. बुधवारी आणि शुक्रवारी मासळीची पाटी घेऊन आमच्या गल्लीत यायच्या. पाटी गेटाच्या आत आणायची नाही असा सोसायटीचा ठराव होता, अगदी वहीत लिहिलेला. त्यामुळे त्या मागच्या कुंपणाबाहेर, बदामाच्या झाडाखाली बसायच्या. म्हणजे बरोबर माझ्या तोंडासमोर. सोसायटीतल्या चोवीस घरांच्या आधी मी सोडलेली हवा कुणाच्या नाकात जात असेल तर ती सगुणाबाईंच्या. आणि ते नाक साधं नव्हतं. गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून लाल आहे का बघायचं. सगुणाबाई मासा हातात न घेता सांगायच्या की हा सकाळचा आणि हा कालचा.

एका शुक्रवारी विश्राम मागच्या दारात उभा असताना त्यांनी कुंपणावरून हाक मारली.

"विश्राम, तुजा डबा मेलाय रं."

"काय?"

"वास येतंय. आंबलेल्या पेंढ्याचा. दोन आठवडं झालं, मी बगतंय."

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरून दोन तक्रारी आल्या होत्या. शहाण्या माणसाने लगेच कोळसा बदलला असता. पण आपल्याकडे वस्तू टाकायची म्हटलं की माणसांचा जीव खालीवर होतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवतात, सुतळी गुंडाळून ठेवतात, राखी सोडली तर तिचा दोरासुद्धा. विश्रामनेही कोळसा धुवायचं ठरवलं. मला उघडून माझ्या पोटातला सगळा कोळसा त्याने टबात ओतला आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत घुसळला. मग गच्चीवर जुनी चादर अंथरून चार दिवस उन्हात वाळत घातला. शेजारी शांताबाईंचे पोह्याचे पापड होते. दोन्ही वाळवणांना कावळा शिवू नये म्हणून नीला छत्री घेऊन बसायची.

मित्रांनो, छिद्रांत बसलेला वास पाण्याने निघत नसतो. आणि कोळसा चार दिवस उघड्यावर पसरला तर तो काय उपाशी बसेल? कारखान्यांकडून येणारा वारा, खाली जळणारा कचरा, रिक्षांचा धूर, जे मिळेल ते तो गिळत बसला. पाचव्या दिवशी विश्रामने तो पुन्हा माझ्यात भरला आणि नीलाला म्हणाला, "बघ, एकदम नवा! लोक उगाच फेकून देतात." मग माझ्या तोंडाशी नाक नेऊन त्याने जोरात श्वास घेतला. "काही वास नाही," तो म्हणाला, आणि त्याला खरंच येत नव्हता.

पुढच्या बुधवारी सगुणाबाई पाटी टेकवता टेकवताच म्हणाल्या, "अजून मेलेलाच हाय. आता तर घाण जास्ती मारतंय."

विश्राम भडकला. चार दिवसांची मेहनत होती ना! तो म्हणाला, "मावशी, तुमच्या स्वतःच्या अंगाला मासळीचा वास. तुम्ही माझ्या घरचा वास सांगताय?"

 सगुणाबाईंनी पाटी उचलली आणि त्या चार हात पलीकडे जाऊन बसल्या. नीला दारात उभी होती, ती मान खाली घालून आत गेली. मला मात्र हसू आलं. सुधीरराव जिन्यात विश्रामबद्दल जे बोलायचे, तेच शब्द होते. त्यातला एकही शब्द नवा नव्हता. नाव तेवढं बदललं होतं. ज्याला ते बोल रोज झोंबत होते, त्यानेच ते जपून ठेवले होते आणि खाली कुणीतरी सापडताच वापरले होते.

महिनाभरात सोसायटीची नोटीस आली. रविवारी सकाळी दहा वाजता कमिटी मागच्या खोलीची पाहणी करणार. वास आढळला तर धिंगरी कायमची बंद. विश्रामकडे दुसरं काम नव्हतं. कारखाना जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या खोलीवरच घर चाललं होतं. तरीही तो बेफिकीर होता. "येऊ देत. वासच नाहीये तर काय सापडणार?"

त्याच संध्याकाळी नीलाने गॅसवर दूध ठेवलं आणि दोघं पिशव्या कापत बसली. थोड्या वेळाने दारावर धडाधड थापा पडल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आबा धापा टाकत उभे होते. आबा रिटायर्ड मास्तर, कमिटीतले सगळ्यात वयस्क. "अहो, आग लागलीय की काय? जिनाभर करपट वास सुटलाय!" नीला धावली. दूध आटून पातेलं जळून काळं झालं होतं, स्वयंपाकघरात धूर भरला होता. ही दोघं दहा हातांवर बसली होती आणि एकालाही पत्ता नव्हता.

आबा गेल्यावर नीला पातेलं घासत म्हणाली, "तुमचं नाक गेलंय. माझंपण गेलंय. रविवारी ते आले की आपल्याला कळणारसुद्धा नाही आपण पास की नापास. मावशींना विचारा."

"त्या येतील?"

"तुम्ही जे बोललात त्यावर मी नसते आले. पण विचारा."

शुक्रवारी तो कुंपणापाशी गेला. माफी मागायला तोंड उघडेना. उगाच पाटीकडे बघत राहिला, मग मांदेलीचे दोन वाटे घेतले, तेही घासाघीस न करता. सगुणाबाईंनी मासळी कागदात बांधली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाव नाय केलास. बोल, काय काम हाय?"

त्याने सगळं सांगितलं. त्या उठल्या, कुंपणाला खेटून उभ्या राहिल्या, डोळे मिटले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी जीव लावून काम करायचा प्रयत्न केला. पण मेलेला कोळसा कसा जिवंत होणार?

"पहिला तो कोळसा टाक," त्या म्हणाल्या. "उद्या नवीन भर. मी परवाच्याला येतंय."

"परवा रविवार. तुमचा स्टेशनवरचा बाजार?"

"मग तू काय आंधळ्यावानी उभा राहणार त्यांच्यासमोर?"

रविवार हा मासळीवाल्यांचा सगळ्यात मोठा दिवस. आठवड्याची अर्धी विक्री त्या एका सकाळी होते. तो दिवस सोडून ती बाई आठ वाजता आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. शनिवारी विश्रामने नवा कोळसा आणून भरलेला होता. त्यांनी वास घेतला आणि मान हलवली.

"खालनं नाय येत. वरच्या अंगाला येतंय थोडा."

विश्रामने झाकण उघडलं. वरच्या बाजूला दोन बोटांची फट होती. घाईत त्याने कोळसा ठोकला नव्हता. त्याने फट भरली, लाकडी हातोडीने मला चारी बाजूंनी ठोकलं, पुन्हा भरली. ओली गोणपाटं लांब सरकवली. साडीचा तुकडा नवा बांधला. सगुणाबाई पुन्हा कुंपणाला खेटल्या. या वेळी त्या बराच वेळ उभ्या होत्या.

"आता काय नाय," त्या म्हणाल्या. "निस्ता वारा."

मित्रांनो, मला खूप जणांनी खूप काही म्हटलं, पण 'निस्ता वारा' हे दोन शब्द ऐकले तेव्हा मला आपल्या असण्याचा अभिमान वाटला. हे मी इथे उघड सांगतो, लाजत नाही.

दहाला कमिटी आली. पुढे सुधीरराव, नाकाला रुमाल लावून. वास शोधायला आलेला माणूस आणि नाकाला रुमाल! मागे आबा आणि शांताबाई. सगुणाबाई कुंपणाबाहेर आपल्या जागेवर बसलेल्या होत्या, काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. पाटीत रविवारची थोडीफार मासळी होती. सुधीररावांनी खोलीचा दरवाजा उघडायला लावला, पिशव्यांखाली वाकून पाहिलं, मग सगळे मागच्या बाजूला माझ्या तोंडाशी आले. आबांनी पुढे होऊन दोनदा श्वास घेतला.

"सुधीर, इथे काहीही वास नाही. रुमाल काढ आणि बघ."

सुधीररावांनी रुमाल काढला. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलं. पण शांताबाई हुशार होत्या. त्यांनी रास्त प्रश्न विचारला.

"आज वास नाही, मान्य. पण पुढच्या महिन्यात पुन्हा सुटला तर? हा डबा कधी संपला ते कळणार कसं? बघतं कोण?"

सगळे विश्रामकडे बघू लागले. कुंपण दहा पावलांवर होतं. सगुणाबाईंनी मान वर केली. त्या सगळं ऐकत होत्या. उत्तर एकच होतं, दोन शब्दांचं: सगुणाबाई बघतात. आबा ऐकून घेणारे होते. शांताबाई तर त्यांच्याकडून दर शुक्रवारी कोलंबी घ्यायच्या.

विश्रामने घसा साफ केला.

"मीच बघतो," तो म्हणाला. "फॅक्टरीत बारा वर्षं हेच केलेलं मी. एका सेकंदात ओळखतो."

"मग हरकत नाही," शांताबाई म्हणाल्या. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फिटर असलेल्या माणसाला कमिटीसमोर जाणकार म्हणून उभं राहायला मिळालं होतं, आणि त्या वेळी त्याच्या बाजूला मासळीची पाटी नको होती. मला त्याचं कारण कळलं. म्हणूनच माझ्या मनात त्याच्याविषयी उरलीसुरली माया होती तीही गेली.

पण ते एवढ्यावर थांबलं नाही. सुधीररावांना काहीतरी जिंकून जायचंच होतं. ते कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही बाई आज रविवारी इथे का बसलीय? त्या पाटीमुळे इथल्या वासाचा नीट अंदाज येत नाही. विश्रामराव, तिला जरा पलीकडे जायला सांगा."

विश्रामराव! आजवर 'अहो तळमजला' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून 'राव' निघालं होतं. विश्राम कुंपणापाशी गेला. सगुणाबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"अहो बाई," तो म्हणाला, "जरा पलीकडे सरका."

इतकी वर्षं तो त्यांना मावशी म्हणत होता. रागावला होता तेव्हासुद्धा मावशीच म्हणाला होता. सगुणाबाईंनी पदर खोचला, पाटी डोक्यावर घेतली आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागल्या. नीला दारातून पुढे आली, "मावशी" म्हणून हाक मारली, पण त्या वळल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या आमच्या कुंपणाशी बसल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर बसू लागल्या.

पुढचे पाच महिने मी चोख काम केलं. सहाव्या महिन्यात मी थकलो. सातव्यात माझ्यातून वास सुटला. मला कळत होतं, पण मला कोण विचारणार? विश्राम रोज सकाळी माझ्या तोंडाशी नाक आणायचा, खोल श्वास घ्यायचा आणि समाधानाने मान हलवायचा. नीलाने एकदा सांगितलं, "सहा महिने झाले, बदलून टाका." तो म्हणाला, "अगं, वास येत नाहीये तर कशाला?" तिने दुसऱ्या दिवशी त्याला पलीकडच्या गल्लीत जायला लावलं.

तो गेला आणि अर्ध्या तासात परत आला. काय झालं ते त्याने नीलाला सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. सगुणाबाई बोंबील निवडत होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"तू बगतंस ना? एका सेकंदात वळखतंस ना? मग बग."

"मावशी, चुकलं माझं."

"मासळी घ्यायची हाय का? नायतर सर बाजूला, गिऱ्हाईक उभा हाय."

त्या चुकल्या असं मला वाटत नाही. आपल्या नाकाचं मोल ज्याने दोनदा पायदळी तुडवलं, त्याला तिसऱ्यांदा ते उधार का द्यायचं? तरीही सांगतो, विश्रामकडे अजून वेळ होता. परत येऊन त्याने डोळे मिटून नवा कोळसा भरला असता तरी सगळं निभावलं असतं. पण तो माझ्यासमोर उभा राहिला, पुन्हा एकदा वास घेतला, आणि स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला. चारचौघांत एकदा 'मीच ओळखतो' म्हटलं की माणूस स्वतःही ते खरं मानायला लागतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी कमिटी पुन्हा आली. या वेळी आबांनीही नाकाला रुमाल लावला. शांताबाई जिन्यापाशीच थांबल्या. सुधीररावांना बोलायची गरजच नव्हती.

"विश्राम," आबा हळू आवाजात म्हणाले, "फार वास आहे रे. उभं राहवत नाही."

"नाही आबा, नाही. थांबा." विश्राम माझ्याकडे धावला. त्याने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी मला धरलं आणि माझ्या तोंडात नाक घालून श्वास घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. मी त्याच्या नाकात आंबलेला पेंढा, कुजलेलं पाणी, जे काही माझ्याजवळ होतं ते सगळं ओतलं. त्याला कळावं म्हणून ओतलं. त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो शपथेवर सांगत होता, "आबा, आईशप्पथ, नाही येत हो. मला काहीच येत नाही."

त्या वेळी मात्र मलाही हसू आलं नाही.

डिसेंबरात खोली रिकामी झाली. विश्राम आता घोडबंदर रोडला एका नव्या इमारतीच्या गेटवर वॉचमन आहे, असं मला घेऊन येणारा टेम्पोवाला सांगत होता. नीला दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते.

तर मित्रांनो, कोळसा वेळेवर बदला, कापड धुवा, पाणी लांब ठेवा, फट भरा. हे सगळं कुणीही सांगेल आणि तुम्ही ते ऐकून विसराल. एवढं मात्र लक्षात ठेवा. तुमचं काही बिघडलं तर ते तुमच्याआधी कुणाला कळतं, त्या माणसाला ओळखा, आणि चारचौघांनी विचारलं की त्याचं नाव घ्या. बाजूला सुधीरराव उभे असले तरी घ्या. अंगाला मासळीचा वास असला तरी घ्या. विश्रामला एवढंच करायचं होतं, त्या रविवारी, दहा पावलांवर बसलेल्या बाईकडे बोट करून.